बर्फावरचा गोली: कसब, नशीब की दुसऱ्याची दुखापत?

निशाचर (धागाकर्ता)

आइस हॉकी पाहताना माझी नजर पकवर (खेळातली रबरी चकती) कमी आणि गोलीवर (गोलरक्षकावर) जास्त असते. काल रात्री १९९८च्या नागानो ऑलिंपिकची उपांत्य लढत पुन्हा पाहिली. कॅनडा विरुद्ध चेक प्रजासत्ताक. १-१, मग जादा वेळ, मग शूटआउट (एकेका खेळाडूने फक्त गोलीसमोर मारायचा फटका). चेक गोली डॉमिनिक हाशेकने फ्लूरी, बोर्क, न्यूएनडाइक, लिंड्रॉस, शॅनहन अशा पाचही जणांना परत पाठवलं. ग्रेट्स्कीसारखा महान खेळाडू बाकावरच बसून राहिला, कॅनडाच्या प्रशिक्षकांनी त्याला घेतलंच नाही. चेककडून एकट्या राइखेलने गोल केला आणि तेवढा पुरला. पुढे अंतिम सामन्यात रशियावर १-०.

हे सगळं पाहून झाल्यावर त्याची कारकीर्द वाचत बसलो आणि डोकं गरगरलं. १९८३ला शिकागोने त्याला ड्राफ्टच्या (संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायचे, तो कार्यक्रम) दहाव्या फेरीत घेतलं. तो एनएचएलमध्ये (उत्तर अमेरिकेतली मोठी हॉकी लीग) पोचला १९९०ला, वयाच्या पंचविशीत. तिथे एड बेलफोरच्या मागे दुसरा गोली. १९९२ला बफेलोला रवानगी. तिथे पुन्हा पुढे ग्रँट फ्यूर. नोव्हेंबर १९९३मध्ये फ्यूर दुखापतीने बाहेर गेला तेव्हा कुठे हाशेकला सलग सामने मिळाले, आणि त्याच मोसमात त्याने खाल्लेल्या गोलांची सरासरी सामन्याला १.९५! दोनच्या खाली जाणं वीस वर्षांत कुणाला जमलं नव्हतं.

माझं म्हणणं असं: फ्यूर धडधाकट राहिला असता तर आपण आज हाशेकचं नावही घेत नसतो. गोलीची कारकीर्द कसबापेक्षा दुसऱ्याच्या दुखापतीवर चालते. मंडळी, काय वाटतं?

गुरुत्वमध्य

मुद्दा आकड्यात मांडतो. एनएचएलमध्ये संघ ३२. प्रत्येकी दोन गोली धरा, म्हणजे नोकऱ्या ६४. त्यातल्या खऱ्या, म्हणजे बहुतेक सामने खेळायला मिळतील अशा, ३२च्या आसपास. फॉरवर्डला (आक्रमकाला) चौथ्या फळीत (आळीपाळीने उतरणाऱ्या तुकड्यांतल्या शेवटच्या) का होईना, रोज आठ-दहा मिनिटं मिळतात. त्यात चमकला की तिसऱ्या फळीत. गोलीला मधली पायरी नाही. एक तर पूर्ण साठ मिनिटं, नाही तर टोपी घालून बाकाचं दार उघडायचं आणि लावायचं.

आणि १९६७पर्यंत तर संघच सहा होते. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत दुसरा गोली तयार ठेवायची सक्तीही नव्हती. म्हणजे सहा खुर्च्या, बस्स. ग्लेन हॉलने १९५५ ते १९६२ सलग ५०२ सामने खेळले. तेवढी वर्षं त्याच्या मागे ताटकळलेल्यांची नावं कुणाला माहीत आहेत?

तिरकस

विकेटकीपरला निदान बॅटिंग तरी मिळते. इथे तेही नाही.

सरळसोट

निशाचर, धागा छान, पण निष्कर्ष साफ अमान्य.

नशिबाने एक मोसम मिळतो. सहा वेळा वेझिना ट्रॉफी (सर्वोत्तम गोलीचा पुरस्कार) नशिबाने मिळत नाही. हाशेक सलग सहा मोसम बचावाच्या टक्केवारीत (आलेल्या फटक्यांपैकी किती अडवले) पहिला होता. १९९७ आणि १९९८ अशी लागोपाठ दोन वर्षं हार्ट ट्रॉफी, म्हणजे सगळ्या लीगमधला सर्वात मोलाचा खेळाडू. दोनदा हार्ट मिळवणारा दुसरा गोली आजवर झालेला नाही.

आणि पंचविशीपर्यंत तो हात चोळत बसला होता का? चेकोस्लोव्हाकियात तो त्याआधीच वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. तो उशिरा आला याचं कारण दुसऱ्या कुणाचा गुडघा नसून पोलादी पडदा होता. तसंच पाहायचं तर सोव्हिएत गोली व्लादिस्लाव त्रेत्याक बघा. तीन ऑलिंपिक सुवर्णं (१९७२, ७६, ८४). १९८३ला माँट्रियलने ड्राफ्टमध्ये निवडला, पण सोव्हिएत अधिकाऱ्यांनी सोडला नाही. घरी राहून सराव करू द्या एवढीच मागणी होती, तीही प्रशिक्षक तिखोनोव्हने मानली नाही, म्हणून ३२व्या वर्षी गडी निवृत्त. एनएचएलचा एकही सामना न खेळता तो १९८९ला हॉल ऑफ फेममध्ये गेला. याला नशीब म्हणणार असाल तर मग सगळा इतिहासच नशीब.

निशाचर

सरळसोट, पण १९८०च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये अमेरिकेविरुद्ध त्याच तिखोनोव्हने त्रेत्याकला तीनपैकी पहिल्या सत्रानंतर काढला ना? तेव्हा २-२ होतं. मग दुसरा गोली मिश्किन आला आणि अमेरिका ४-३ने जिंकली. जगातला सर्वोत्तम गोली, आणि एका माणसाच्या लहरीवर बाकावर! माझाच मुद्दा सिद्ध होतोय.

सरळसोट

प्रशिक्षकाचा मूर्खपणा आणि नशीब यात फरक आहे हो :)

सईसाक्षी

मी हौशी संघात गोली म्हणून खेळते, त्यामुळे थोडं आतून लिहिते.

पक म्हणजे तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची, सुमारे १७० ग्रॅमची कडक रबराची चकती, तीही गोठवलेली. वरच्या पातळीवर जोरकस स्लॅप शॉट (स्टिक मागे उचलून मारलेला फटका) ताशी १६० किलोमीटरच्या पुढे जातो. निळ्या रेषेवरून (आक्रमणाच्या विभागाच्या कडेवरून) मारला तर गोलपर्यंत यायला अर्धा सेकंदही लागत नाही. शिवाय समोर दोन-तीन धिप्पाड माणसं उभी असतात, त्यामुळे पक सुटताना दिसतच नाही. मग करायचं काय? दिसण्याची वाट पाहायची नाही. मारणाऱ्याचा खांदा, स्टिकचा कोन, त्याचं वजन कुठल्या पायावर आहे हे पाहून आधीच जागेवर पोचायचं. चांगल्या गोलीचा सामना बघायला कंटाळवाणा वाटतो, कारण पक येऊन त्याच्या छातीवर आदळतो. उड्या मारून वाचवणारा बहुतेक वेळा जागेवर उशिरा पोचलेला असतो. (हाशेक सोडून. तो जमिनीवर लोळत, स्टिक टाकून ब्लॉकरच्या (स्टिक धरायच्या ढालीसारख्या हातमोज्याच्या) हाताने पक पकडायचा. ते बघून शिकायला गेलात तर हाडं मोडतील.)

म्हणूनच गोली उशिरा पिकतो. पाय विशीत सर्वात चपळ असतात, पण नजरेला हजारो फटक्यांची सवय व्हावी लागते. टिम थॉमस १९९४ला २१७वा निवडला गेला, मग कितीतरी वर्षं फिनलंड आणि खालच्या लीगमध्ये फिरत राहिला. २०११ला बॉस्टनने स्टॅन्ली कप (एनएचएलचं विजेतेपद) जिंकला तेव्हा प्लेऑफचा (मोसमाअखेरच्या बाद फेरीचा) सर्वोत्तम खेळाडू तोच, वय ३७. त्याला कुणाच्या दुखापतीने मोठं केलं असं मला वाटत नाही. तो तयारच तेव्हा झाला.

वाचनमात्र

सईसाक्षी, मस्त प्रतिसाद. सदस्य होऊन फक्त वाचत होतो, आज लिहावंसं वाटलं. एक शंका: बचावाची टक्केवारी .९०० आणि .९२० यात लोक एवढा फरक का मानतात?

गुरुत्वमध्य

वाचनमात्र, स्वागत. सोपं गणित आहे. .९२० म्हणजे शंभर फटक्यांत आठ गोल, .९०० म्हणजे दहा. शंभरात दोनच, पण गोली मोसमात पंधराशे फटके झेलतो असं धरा. तीस गोलांचा फरक पडला. हॉकीत बरेच सामने एका गोलाने सुटतात, त्यामुळे तीस गोल म्हणजे प्लेऑफमध्ये जाणं आणि घरी बसणं यातलं अंतर.

पण याची दुसरी बाजू निशाचरांना आवडेल. दहा सामन्यांत तीनशे फटके आले, तर .९०० आणि .९२० मध्ये फक्त सहा गोलांचा फरक उरतो. सहा गोल तर कुणाच्या स्केटला लागून दिशा बदललेल्या पकचेच असू शकतात! म्हणजे बदली गोलीला दहा सामने देऊन "जमत नाही" म्हणून हाकलणारा व्यवस्थापक जवळजवळ नाणंच उडवत असतो. चांगला गोली कोण हे कळायला वर्षं लागतात, आणि तेवढी वर्षं थांबायला कुणी तयार नसतं.

निशाचर

गुरुत्वमध्य, हेच तर! ड्राफ्ट बघा ना. २०००ला न्यूयॉर्क आयलँडर्सनी पहिल्याच क्रमांकावर रिक डिपिएट्रो नावाचा गोली उचलला. त्याला जागा करायला रॉबर्टो लुओंगोला, पुढे नामवंत झालेल्या गोलीला, फ्लोरिडाला देऊन टाकला. लुओंगो! आणि त्याच ड्राफ्टमध्ये २०५व्या क्रमांकावर कोण? पुढे तसाच नामवंत झालेला गोली हेन्रिक लुंडक्विस्ट. एवढ्या तज्ज्ञांच्या नजरेतून तो सातव्या फेरीपर्यंत सुटला. पेक्का रिने २००४ला २५८वा. बोब्रोव्स्कीला तर ड्राफ्टमध्ये कुणी विचारलंच नाही, त्याने २०२४ आणि २०२५ असे लागोपाठ दोन कप उचलले.

तिरकस

डिपिएट्रोला नावं ठेवू नका, तो माझा आदर्श आहे. २००६ला १५ वर्षांचा, ६ कोटी ७५ लाख डॉलरचा करार केला. मग गुडघे, कंबर, डोकं, सगळं एकेक करून गेलं. २०१३ला संघाने करार मोडला, त्याची भरपाई म्हणून दरवर्षी १५ लाख डॉलर, २०२९पर्यंत! न खेळता. याला म्हणतात कारकीर्द.

बाळंतविडा

तिरकस =)) =))

सरळसोट

हसा, पण तो माणूस विशीत लीगमधल्या चांगल्या गोलींपैकी होता. शरीराने दगा दिला, त्यात आळशीपणा नव्हता.

पायवाट

शरीराचा विषय निघालाच आहे तर लिहिते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, हॉकीपटूंसोबत काम केलंय (कुणाचं नाव घेणार नाही, अर्थात).

आजचा प्रत्येक गोली बटरफ्लाय खेळतो. गुडघे आत वळवून धाडकन खाली, पॅड दोन्ही बाजूंना पसरलेले, म्हणजे बर्फालगतची सगळी जागा बंद. ही शैली पूर्वीही होती, ग्लेन हॉल तसाच खेळायचा. पण गोली पॅट्रिक रॉय आणि त्याचा प्रशिक्षक फ्रांस्वा अलेर यांनी तिचं शास्त्र केलं. जगभरची पोरं तेच शिकली. गोल कमी झाले, आणि खुब्यांचे रुग्ण वाढले. मांडीचं हाड आत वळवून दिवसात शेकडो वेळा आदळायचं, तेही लहान वयात, हाड अजून वाढत असताना. खुब्याच्या वाटीची कड घासली जाते. बॉस्टनचा गोली तुक्का रास्कने खुब्याची शस्त्रक्रिया करून जानेवारी २०२२ला पुनरागमन केलं, चार सामने खेळला आणि फेब्रुवारीत थांबला. वेझिना जिंकलेला माणूस.

बाहेरून मास्क, पॅड, छातीचं कवच दिसतं, म्हणून लोकांना वाटतं गोली सुरक्षित आहे. ज्याने कारकीर्द संपते ते कवचाच्या आत चालू असतं.

आजोबा_ऑनलाइन

मास्कचं नाव निघालं म्हणून जुनी गोष्ट सांगतो. १ नोव्हेंबर १९५९, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. अँडी बाथगेटचा फटका माँट्रियलचा गोली जॅक प्लांटच्या तोंडावर. आत जाऊन टाके घातले. प्लांट म्हणाला, मास्क घालू देत असाल तरच बर्फावर येतो. प्रशिक्षक टो ब्लेकला मास्क अजिबात पसंत नव्हता, नजर अडते म्हणे. पण मघाशी म्हटलं तसं, दुसरा गोलीच नव्हता! ब्लेक काय करतो? प्लांट मास्क घालून आला आणि माँट्रियल ३-१ जिंकली.

दुसरा गोली नसणं हे त्या दिवशी गोलींच्या पथ्यावर पडलं बघा. पुढे हाच प्लांट चाळिशीत सेंट लुईसकडून ग्लेन हॉलबरोबर १९६९ची वेझिना वाटून घेतो. मास्क नसता तर एवढा टिकला असता? फावल्या वेळात हा गृहस्थ लोकरीच्या टोप्या विणायचा, हेही जाता जाता.

मास्क नसताना काय व्हायचं त्याचा नमुना टेरी सॉचक. १०३ शटआउट (एकही गोल न खाल्लेले सामने), आणि चेहऱ्यावर चारशेच्या वर टाके. ग्लेन हॉल सामन्याआधी दर वेळी ओकायचा, त्या सलग ५०२ सामन्यांतही.

बाळंतविडा

आजोबा, १९२८चं पण सांगा ना! न्यूयॉर्क रेंजर्सचा गोली स्टॅन्ली कपच्या अंतिम फेरीत डोळ्याला लागून पडला तेव्हा ४४ वर्षांचा प्रशिक्षक लेस्टर पॅट्रिक स्वतः पॅड बांधून उभा राहिला आणि सामना जिंकला.

मुक्कामपोस्ट

त्यालाही मागे टाकणारा डेव्हिड एअर्स. २२ फेब्रुवारी २०२०, टोरांटो. कॅरोलायनाचे दोन्ही गोली जखमी. नियमाप्रमाणे स्टेडियममध्ये आपत्कालीन गोली ठेवलेला असतो, तो उतरला: वय ४२, एरवी बर्फाचं मैदान सांभाळणारा कर्मचारी, आईने दिलेल्या मूत्रपिंडावर जगणारा. पहिले दोन्ही फटके गोलात. मग पुढचे आठच्या आठ अडवले आणि कॅरोलायना ६-३. गंमत म्हणजे एरवी तो सराव टोरांटोच्या खेळाडूंबरोबर करायचा. त्यांनाच हरवलं.

निशाचर, तुमच्या सिद्धांताचं एवढं शुद्ध उदाहरण मिळायचं नाही. दोन दुखापती, एक रात्र, कारकीर्द पूर्ण.

सईसाक्षी

मुक्कामपोस्ट, एअर्सच्या रात्रीत मला वेगळंच दिसतं. पहिले दोन गोल खाल्ल्यावर तिसरा अडवणं. आमच्या लुटुपुटूच्या सामन्यातही दोन गोल लवकर गेले की हात जड होतात, पुढच्या फटक्याआधी मागचाच डोक्यात चालू असतो. फॉरवर्डने चूक केली तर तो चाळीस-पन्नास सेकंदांत बाकावर जातो, पाणी पितो, प्रशिक्षक दोन शब्द बोलतो. गोली तिथेच उभा. मोठमोठे गोली खांबावर स्टिक आपटतात, बाटली उचलून तोंडावर पाणी मारतात, ते उगाच नसतं.

रॉयचं उदाहरण घ्या. २ डिसेंबर १९९५, माँट्रियलमध्ये डेट्रॉइटविरुद्ध नऊ गोल खाईपर्यंत प्रशिक्षकाने त्याला काढला नाही. घरचे प्रेक्षक उपहासाने टाळ्या वाजवतायत. बाहेर आल्यावर रॉय सरळ संघाच्या अध्यक्षांना सांगून आला, माँट्रियलसाठी हा माझा शेवटचा सामना. चार दिवसांत कोलोराडोला गेला. आणि त्याच मोसमात कोलोराडोकडून स्टॅन्ली कप जिंकला! त्या नऊ गोलांचं ओझं जो सहा महिने वाहत बसला असता, त्याला हे जमलं नसतं.

सरळसोट

+१. याला मी कसब म्हणतो. निशाचर ऐकताय ना?

पायवाट

सगळ्यांना नाही जमत, हेही लिहायला हवं. गोली क्लिंट मालार्चुक, मार्च १९८९, बफेलो. स्केटच्या पात्याने गळ्याची शीर कापली, संघाच्या ट्रेनरने बोटांनी दाबून धरली म्हणून वाचला. काही दिवसांतच पुन्हा बर्फावर. तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. पण त्या धक्क्याशी तो पुढे वर्षानुवर्षं झुंजला, आणि नंतर त्याबद्दल उघडपणे बोलला. 'विसरून उभं राहा' हा सल्ला बचावापुरता ठीक आहे. माणसाला तोच देत राहिलं की काय होतं ते त्याच्याकडे पाहून कळतं.

निशाचर

सगळं वाचतोय. सरळसोट, अर्धं मान्य: मिळालेली जागा टिकवणं हे कसब. पण जागा मिळणं? मॅनोन रेऑम घ्या. २३ सप्टेंबर १९९२, टँपा बे कडून प्रदर्शनीय सामन्यात एक सत्र खेळली, नऊपैकी सात फटके अडवले. एनएचएलच्या संघाकडून खेळलेली पहिली स्त्री. तिला पुढचा प्रत्यक्ष लीगचा सामना मिळाला नाही. तिच्यात वीस सामन्यांचं कसब होतं की नव्हतं हे आता कुणाला कळणार? गुरुत्वमध्यांच्या हिशेबाने तर ते कळायला वर्षं लागली असती.

सरळसोट

हे उदाहरण चांगलं आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही, पण हाशेकबद्दलचं म्हणणं कायम.

गुरुत्वमध्य

दोघांचा सामना १-१, जादा वेळ चालू.

केळफूल

नमस्कार, जरा अवांतर. माझी नऊ वर्षांची मुलगी हट्ट धरून बसली आहे की तिला गोलीच व्हायचंय. खुब्यांचं वाचून मी आधीच घाबरले. काय करू?

सईसाक्षी

केळफूल, एवढ्यात फक्त गोली करू नका. निदान बारा-तेरापर्यंत आलटून पालटून सगळ्या जागी खेळू द्या. दोन फायदे: स्केटिंग पक्कं होतं (गोलीला संघात सर्वात चांगलं स्केटिंग लागतं, लोकांना उलट वाटतं) आणि फॉरवर्ड कसा विचार करतो ते आतून कळतं. पॅड जुने, वापरलेले चालतील. मास्क मात्र मापाचा नवाच घ्या.

पायवाट

आणि वर्षातून काही महिने बर्फ पूर्ण बंद. पोहणं, धावणं, दुसरा कुठलाही खेळ. मांडीच्या सांध्यात दुखतंय म्हणाली तर "ताण आला असेल" म्हणून सोडू नका, दाखवून घ्या. बाकी घाबरण्यासारखं काही नाही.

केळफूल

धन्यवाद दोघींना. तिला विचारलं की गोलीच का, तर म्हणाली, "बाकीच्यांना सारखं बदलतात. गोलीला कुणी बाहेर बोलवत नाही."

तिरकस

तिला त्रेत्याकचं सांगू नका.